मशीनच्या पोटातले अठरा शब्द

कार्तिए मिलितेर गावाच्या वरच्या अंगाला धुकं असं उतरतं, की चहाचा कारखाना जागेवर आहे की नाही हे आत शिरल्यावरच कळतं. १९८७ सालच्या त्या बुधवारी सकाळी चंद्रिका आत शिरली, तेव्हा तिचे बाबा, तुलसीराम, जाळीच्या लांब ओट्यापाशी उभे होते. ओट्यावर काल खुडलेली पानं पसरलेली, खालून पंख्यांचा वारा. बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. तीन महिने त्यांनी तिच्याशी अबोला धरला होता.

हे तिनंच ओढवून घेतलं होतं. पानं पुरेशी कोमेजली की पंखे थांबवायचे. ती वेळ बाबा एकेचाळीस वर्षं ठरवत आले होते. पोर्ट लुईच्या सरकारी कचेरीतल्या त्यांच्या शहाण्या लेकीनं ते काम कॉम्प्युटरच्या हवाली केलं, आणि येत्या शनिवारपासून बाबांना घरी बसवायचं ठरलं. एवढं करून धुक्याच्या दिवशी तिचा प्रोग्राम सपशेल तोंडावर पडे. एक आकडा बदलायचा तरी पोर्ट लुईला जा, अख्खा प्रोग्राम नव्यानं बांधा, फ्लॉपी घेऊन परत या. तोवर पानं वाया.

म्हणून महिनाभर खपून तिनं प्रोग्रामच्या पोटात एक चिमुकली भाषा बसवली. जेमतेम अठरा शब्द. प्रोग्राम आपला चालू राहायचा आणि इथं बसून कुणी ओळ लिहिली की तिथल्या तिथं मानायचा. शब्द घरातलेच घेतले होते: पंखा, थांब, जर, तर. आणि ‘पूस’. तो आला की मशीन माणसाला प्रश्न करी.

“बाबा, तुमचे नियम तुम्हीच सांगा याला,” ती म्हणाली. “मी मधे नाही.”

बाबा ओटा सोडून कॉम्प्युटरपाशी आले. पोत्यांवरची फ्रेंच अक्षरं वाचत शिकलेला तो माणूस एका बोटानं आपलीच बोली टिपू लागला. धुकं खिडक्यांतून आत येऊन पानांवर रेंगाळत होतं. बाबांनी ओळ लिहावी, पंखे मंदावावेत. दुसरी लिहावी, ऊब यावी. आपण झोपेत चालतोय असं चंद्रिकाला वाटलं, आणि जागं होऊ नये असंही.

“वासाचा शब्द कुठंय?”

“मशीनला नाक नाही, बाबा.”

“मंग पूस लावतो. लाब्रिम असली तर पूस.” लाब्रिम म्हणजे बाहेरचं ते धुकं.

“पण कुणाला? शनिवारनंतर तुम्ही नसणार.”

बाबांनी पडद्यावरून मान तिच्याकडे वळवली.

“तुला.”

“मला कुठं कळतं त्यातलं?”

खरंच होतं ते. शाळेत घातलेल्या पोराला तिथली घरं चहाच्या पानाला हात लावू देत नसत. बोटं काळी झाली तर शिक्षण फुकट, असा समज.

“मीच लांब ठेवली तुला,” बाबा म्हणाले. “चुकलं माझं, पोरी.”

त्यांनी तिचा हात धरून मनगटापर्यंत पानांत घातला. पानं गार, मऊ होती. चंद्रिकाला रडू फुटलं आणि तिनं ते लपवलं नाही.

“हुंग. गवताचा वास हाय ना? तो जाईल, मंग पिकल्या गोयावाचा येईल.”

दोघं पानांवर वाकून उभे राहिले. किती वेळ गेला कुणास ठाऊक. गवताचा वास विरत गेला आणि त्याखालून हळूहळू पेरूचा गोडवा वर आला.

“आला! बाबा, आला!”

“मला काय सांगतीस,” बाबा कॉम्प्युटरकडे बोट दाखवत बाजूला सरकले. “त्याला सांग.”