हलकी माती

"दुकानात सगळं मिळतं, बाबा," उर्वी म्हणाली. "गोळ्या, थेंब, तेल. You don't have to farm it."

"गोळी गिळायची असते," चारुदत्त म्हणाला. "मला काहीतरी उगवताना बघायचंय."

तो मागच्या काचेच्या खोलीत, खिडकीशेजारच्या खुर्चीत बसला होता. बॉथेलला एप्रिलमध्ये जेवढं ऊन पडतं तेवढं त्या खोलीत पडायचं. स्वादुपिंडाच्या कॅन्सरचं निदान होऊन हिवाळा उलटला होता. औषधाने मळमळायचं, अन्नाचा वास नकोसा व्हायचा. डॉक्टरांनी गांजाचा उपयोग होईल असं सुचवलं आणि तसं पत्रही दिलं. ते पत्र असलं की या राज्यात पेशंटला घरी चार रोपं लावता येतात, फक्त ती रस्त्यावरून दिसता कामा नयेत. चारुदत्तला या सगळ्याची फार गंमत वाटत होती.

"इथल्या मराठी मंडळाचा माजी अध्यक्ष," तो म्हणाला, "निवृत्त स्ट्रक्चरल इंजिनिअर, सध्या गांजा लावतो. बायोडेटात घालायला पाहिजे."

उर्वीने पर्समधून छोटीशी काचेची कुपी काढली. तिच्या बेलव्ह्यूच्या ऑफिसातल्या मैत्रिणीने बिया दिल्या होत्या. "या ऑटो आहेत, आई. म्हणजे दिवस लहान-मोठा व्हायची वाट बघत नाहीत. वय झालं की फुलतात."

"शहाण्या आहेत," चारुदत्त म्हणाला.

"आणि माती हलकी ठेव. They hate rich soil. जास्त खायला घालायचं नाही."

"मला माती शिकवू नकोस," शैलजा म्हणाली.

तिची सगळी नोकरी माती तपासण्यात गेली होती. लोक पिशवीतून आपल्या बागेतली माती पाठवायचे, ती रिपोर्ट करायची. बहुतेक रिपोर्टांखाली ती एकच वाक्य लिहायची: नत्र पुरेसे आहे, आणखी खत घालू नये. लोक तरीही घालायचे. पुढच्या वर्षी पुन्हा त्यांचीच पिशवी यायची.

या रोपांचं गणित तिने त्याच संध्याकाळी वाचून काढलं. साधं रोप जरा खुरटलं तर त्याला जास्त तास उजेडात ठेवायचं, ते सावरतं, मग फुलतं. यांचं तसं नव्हतं. बी रुजलं की यांचं घड्याळ सुरू होतं. लहानपणी एकदा मार बसला की तो भरून काढायला वेळच उरत नाही. वीतभर असलं तरी रोप फुलावर येतं आणि संपतं. म्हणून कुंडी सुरुवातीपासून शेवटचीच, मध्ये उपटून दुसरीकडे लावायचं नाही. आणि माती अशी की कोवळं मूळ भाजू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गराजमध्ये ताडपत्री पसरून बसली. नारळाच्या काथ्याचा भुसा तिने कोमट पाण्यात भिजवला होता, तो बोटांनी मोकळा केला. त्यात पर्लाइटचे पांढरे दाणे, चिमूटभर चुनखडी. गांडूळखत घरचंच होतं, मागच्या अंगणातल्या पेटीतलं, काळं आणि मऊ. एका मोठ्या घमेल्याला एक ओंजळ, असं तिने ठरवलं होतं.

त्या सकाळी चारुदत्तने शिऱ्याची वाटी दोनदा सरकवून दिली होती. आदल्या आठवड्यात डॉक्टर म्हणाल्या होत्या, वजन आणखी उतरलं तर पुढचं औषध देता येणार नाही, शरीर ते सोसणार नाही. शैलजा तेव्हापासून तुपाचं प्रमाण वाढवत होती. भातात प्रोटीनची पावडर कालवत होती. "दोन घास." "बरं, एक." "अर्धा तरी." ती खुर्चीसमोर उभी राहायची, वाटी रिकामी होईपर्यंत.

तिने खताची दुसरी ओंजळ घातली. मग थोडी निंबोळी पेंड. हाडांचं खत कपाटात होतं, तेही घातलं. माती हाताला छान लागत होती, दाट आणि थंड. तिने आणखी एक ओंजळ घातली.

बिया रुजल्या. चार काळ्या कापडी कुंड्या तिने चारुदत्तच्या खुर्चीशेजारी, हात लांबवला की पोचेल अशा ठेवल्या. तो दिवसभर त्यांच्याकडे बघत असायचा. "ही डावीकडची आळशी आहे," तो सांगायचा. "हिचं नाव तुझ्या भावाच्या नावावरून ठेवू."

आणि तो जेवायला लागला. शैलजा फोन घ्यायला आत गेली, कुकर बंद करायला गेली, आणि परत आली की वाटी रिकामी असायची. लाडूही संपलेला असायचा. भांडी घासताना तिच्या खांद्यावरचं ओझं जरासं उतरायचं. रविवारी उर्वीला ती म्हणाली, "खातायत बाबा." उर्वीने आईला मिठी मारली.

रोपं मात्र बिघडली. आधी पानं गडद हिरवी झाली, नको इतकी. मग टोकं नखांसारखी खाली वळली आणि तपकिरी पडली. बारीक चिलटं उडायला लागली. तिने चमचाभर माती पाण्यात ढवळून त्यात क्षार मोजायचा मीटर बुडवला. आकडा बघून तिने मीटर पुसला आणि पुन्हा बुडवला. तीन ओंजळींनी एवढा आकडा येत नाही.

तिने पहिली कुंडी गराजमध्ये नेऊन ताडपत्रीवर ओतली.

वास आधी आला. आंबलेला, तुपाचा. काठाजवळ, हात पोचेल तेवढ्या खोलीवर, बुरशी आलेले भाताचे गोळे होते. शिऱ्याचा एक अख्खा मुटका, त्यातल्या बेदाण्यांसकट. डिंकाच्या लाडवाचे चार तुकडे नीट एका ओळीत पुरलेले, इंजिनिअरच तो. तिने बाकीच्या तीन कुंड्याही ओतल्या. सगळीकडे तेच.

ती ताडपत्रीवर तशीच बसून राहिली. मग हात धुतले आणि काचेच्या खोलीत गेली. तिचे ओले हात आणि रिकामी जागा बघून त्याला कळलं.

"कधीपासून, चारू?"

"पहिलं पान आलं तेव्हापासून." तो तिच्याकडे बघत नव्हता. "माझ्यामुळे मेली ना ती?"

"नाही. मीही फार घातलं होतं."

"मला जात नाही गं, शैलजा. घशाखाली उतरतच नाही. आणि तू समोर उभी असतेस. तुझं तोंड बघून नाही म्हणवत नाही."

ती पहिल्यांदाच त्याच्या शेजारच्या स्टुलावर बसली. बाहेर शेजाऱ्यांच्या कुंपणावर खार पळत होती. दोघं त्या खारीकडे बघत राहिले.

"परवा वजन करतील," ती म्हणाली.

"हो. आणि कमी भरेल. खूप कमी." त्याने तिचा ओला हात धरला. "ते पुढचं औषध मला नकोच आहे. वजनावर ढकलून मोकळा होणार होतो. भित्रा आहे मी."

ती रडली नाही. फक्त म्हणाली, "उर्वीला तू सांगायचंस. मी नाही."

त्याने सांगितलं. उर्वी आधी इंग्रजीत भांडली, मग मराठीत रडली.

कुपीत बिया उरल्या होत्या. जूनच्या एका कोरड्या सकाळी चारुदत्त स्वतःच म्हणाला, परत लावू. शैलजाने त्याची खुर्ची गराजच्या दाराशी आणली, पायांवर शाल टाकली आणि भिजवलेल्या काथ्याचं घमेलं त्याच्या मांडीवर ठेवलं. तो बोटांनी गुठळ्या फोडत बसला. त्याची बोटं काड्यांसारखी झाली होती, पण गुठळी एकही सुटली नाही.

"पाणी किती?" त्याने विचारलं.

"मूठ वळ. बेसनाचा लाडू वळतो तशी."

त्याने मूठ वळली.

"आता अंगठ्याने दाब. फुटला पाहिजे."

तो फुटला. "वा," तो म्हणाला. "तुझे खरे लाडूही असेच फुटतात."

"गप बस."

तिने पर्लाइट घातलं, चुनखडी घातली. मग गांडूळखताची एक ओंजळ भरली, तिच्याकडे बघितलं आणि अर्धी परत पेटीत टाकली.

"एवढंच? अगं, उपाशी मारशील त्यांना."

"लागलं तर वरून देता येतं," शैलजा म्हणाली. "एकदा घातलेलं काढता येत नाही."

त्याने मान हलवली. ती माती कालवत होती, खालून वर, पोहे मोडू नयेत म्हणून कालवतात तशी हलक्या हाताने. तो बघत होता.

"फुलं तयार कधी होतील?"

तिने थापा मारायच्या नाहीत असं स्वतःशी ठरवलं होतं. "गणपती होऊन गेल्यावर."

त्याने मनाशी काहीतरी जुळवून बघितलं. हॉस्पिसची, म्हणजे अखेरच्या दिवसांत सांभाळणारी नर्स आठवड्यातून दोनदा यायला लागली होती. "हं," तो म्हणाला. "मग कापायचं तुझ्याकडे."

या वेळची रोपं सावकाश वाढली. रंग फिका होता, नव्या पोपटी पानासारखा. शैलजाचा हात रोज खताच्या डब्याकडे जायचा आणि ती तो मागे घ्यायची. मीटर तिने कपाटात ठेवून दिला होता. जुलैच्या मध्यावर पानं हाताच्या पंजाएवढी झाली, कातरलेल्या कडांची.

तेव्हा सरलावहिनी भेटायला आल्या. मंडळातल्या जुन्या मैत्रीण, मूळच्या नागपूरच्या, तोंडाने मोकळ्या. पेशंटला भेटायला आल्यासारखा चेहरा करून त्या खोलीत शिरल्या आणि कुंड्या बघून तो चेहरा विसरल्या.

"अय्या, अंबाडी! भाऊजी, कुठं मिळालं हो बी?"

शैलजा काही म्हणणार, तोच चारुदत्तने तिला डोळ्याने थांबवलं. "उर्वीच्या मैत्रिणीने दिलं."

"आणि भाजी केली नाहीत अजून?"

"फुलावर येऊ दे म्हणतोय."

"छे! फुलावर आली की जून होते. कोवळीच खुडायची. शैलजा पुण्याची, तिला काय कळतंय अंबाडीतलं. मला द्या जुडीभर, मी करून आणते. मंडळात सगळ्यांना वाढू."

"वाढाच, वहिनी," चारुदत्त म्हणाला. "भजनाला वेगळाच रंग चढेल." आणि तो हसायला लागला. हसता हसता खोकला, डोळ्यांतून पाणी आलं, तरी हसतच राहिला. शैलजाने शेवटी खरं सांगितलं.

सरलावहिनींनी तोंडावर हात ठेवला. "गांजा? शैलजा, तू?" मग त्याही हसल्या, पदराने डोळे पुसत, आणि पुसणं हसणं थांबल्यावरही चालूच राहिलं.

चूक काही फार मोठी नव्हती. पानं इतकी सारखी, की शास्त्रज्ञांनीही अंबाडीचं लॅटिन नाव गांजावरूनच ठेवलं आहे. शैलजाला ते माहीत होतं. तिच्या लक्षात राहिलं ते त्यानंतरचं. हसू ओसरल्यावर चारुदत्त खुर्चीत मान टेकून म्हणाला, "अमरावतीला आई करायची. वरून लसणाचं तेल. किती वर्षांत खाल्ली नाही."

महिन्याभरात त्याने कुठल्या पदार्थाचं नाव घेतलं नव्हतं.

तेलुगू लोकांच्या दुकानात ती पालेभाजी गोंगुरा म्हणून मिळते. दुसऱ्या दिवशी सरलावहिनी दोन जुड्या, ज्वारीचं पीठ आणि सूचना देऊन गेल्या. आत आल्या नाहीत. शैलजाने पानं शिजवून पाणी काढलं, तुरीची डाळ आणि तांदळाच्या कण्यांबरोबर घोटली, दाणे घातले. भाकरी एका बाजूने जरा करपली. लसूण लाल करून तेल वेगळ्या कढल्यात ठेवलं.

ताटात तिने चमचाभर भाजी वाढली आणि भाकरीचा चतकोर. ताट त्याच्यासमोर ठेवून ती उभी राहिली.

"तुझं?" त्याने विचारलं.

"मी नंतर."

"नंतर म्हणजे कधी? हिवाळ्यापासून तुला जेवताना बघितलं नाही मी. आण."

ती दुसरं ताट घेऊन आली आणि स्टुलावर बसली. त्याने भाकरीचा नखाएवढा तुकडा भाजीत बुडवून तोंडात ठेवला. डोळे मिटले. बराच वेळ त्याने तो घास जिभेवरच ठेवला.

"आंबट आहे," तो म्हणाला. "बरोबर आहे."

दुसरा घास त्याने त्याहून छोटा घेतला. मग बोट चाटलं. "बस्स."

शैलजाचा हात सवयीने चमच्याकडे गेला. तिने तो परत मांडीवर ठेवला. ताटात चतकोर जवळजवळ तसाच होता. खिडकीतून आलेल्या उन्हात रोपांची फिकी पानं जराशी हलत होती, आणि शेंड्याशी पहिले पांढरे केसर दिसत होते.

चारुदत्त तिच्या ताटाकडे बघत होता. तिथे दोन घासांएवढी भाजी होती.

"हे काय, एवढंसंच?"

"पोट भरलंय माझं."

"असं कसं भरलं? अर्धी भाकरी घे."

"नको रे."

"अर्धी. माझ्यासाठी." त्याने दोन्ही हातांनी कढलं उचललं. थोडं तेल ताटाच्या काठावर सांडलं, थोडं तिच्या मनगटावर. बाकीचं भाजीवर पडलं, लाल लसणासकट.

शैलजाने अर्धी भाकरी घेतली. भूक नव्हती. घास घशाशी अडत होता, आणि चारुदत्त अगदी समोर बसून, बारीक झालेल्या चेहऱ्याने, तो घास उतरतोय का ते बघत होता. तिने तो गिळला. मग दुसरा.

"अजून?" त्याने विचारलं.

"वाढ," ती म्हणाली.