साहेबांचा रानलसूण

कारखान्यातून निवृत्त झालेल्या कमलाकांत साहेबांनी मासवणला झाडीतली अर्धा एकर जागा घेतली आणि दुसऱ्याच महिन्यात ते रानाचे जाणकार झाले. थंड मुलखातल्या रानलसणाचे कांदे पार्सलने मागवून त्यांनी ते जांभळीच्या सावलीत पुरले. इथल्या उकाड्यात ते कुजणार, हे त्यांच्याकडे कामाला येणाऱ्या रत्नाबाईने तेव्हाच सांगितलं होतं. पण उंटावरच्या शहाण्याला खालचं ऐकू येतं कुठे!

पावसात जांभळीखाली लांब पानं वर आली. साहेबांनी लगेच बोईसरच्या सहा जणांना जेवायला बोलावलं. रविवारी फोडणीचा लसूण सोलता सोलता ते उठले, पानं कापून आणली, एक चुरगाळून हुंगलं. "अस्सल लसूण! रत्नाबाई, चटणी वाटा."

तिने पानं हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "सायेब, हा कोळकांदा हाय. इथलाच. आमी पायाच्या कुरपाला बांधतो, पोटात नाय घालत. मानूस मरल."

"तुम्हा लोकांना लसणाचा वाससुद्धा कळत नाही? वाटायचं नसेल तर उद्यापासून येऊ नका."

हे काम गेलं की वीटभट्टी ठरलेली. पण तिच्या हातची चटणी खाऊन सहा माणसं आडवी पडली, तर साहेबांचं बोट कुणाकडे वळेल हे सांगायला ज्योतिषी नको होता. तिने साबण त्यांच्यापुढे धरला.

"हात धुवा आदी."

कुरकुरत त्यांनी धुतले. तिने ताजं पान हातात दिलं. त्यांनी हुंगलं. परत हुंगलं. चेहरा उतरला.

"मगाशी तुमी तुमचीच बोटं हुंगली," ती म्हणाली आणि पानांची टोपली खड्ड्यात ओतून आली.

दुपारी पंगत बसली. रत्नाबाई डाळ वाढत असतानाच साहेब रंगात आले. "आमची बाई तर विषाची चटणी वाटायलाच बसली होती! मी वेळेवर ओळखलं म्हणून बरं. रान ओळखायला नजर लागते."

"वा!" पाहुणे म्हणाले.

रत्नाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. असला निलाजरा माणूस तिने उभ्या जन्मात पाहिला नव्हता. तिने डाळीचं पातेलं पंगतीत आदळलं.

"तुमाला रान कळतं ना सायेब? मग उद्यापासून बाई कशाला पायजे?" आणि ती पाहुण्यांकडे वळली. "डाळ मी केली हाय, बिनघोर खा. यांच्या हातचं काय खाऊ नका."

सहाही जणांनी ताटातली साहेबांनी केलेली कोशिंबीर हळूच बाजूला सारली.