पेशी कुणाच्या

आमच्या लशीच्या कारखान्यात पेशी वाढवणं असं कुणी म्हणत नाही, त्यांना जेवू घालणं म्हणतात. बाटलीतला जुना गुलाबी द्राव काढायचा, ताजा भरायचा, बाटली परत उबेत ठेवायची. याच पेशींवर लशीचा विषाणू पोसतात. सुट्टी असो, आजारपण असो, कुणीतरी येऊन त्यांना जेवू घालतंच. चौथ्या महिन्यात माझं बाळ पोटातच गेलं, त्याच आठवड्यात मी कामावर हजर होते. सगळ्यांनी कौतुक केलं. मला ना कौतुक कळलं, ना कीव. तेव्हापासून मी अशीच आहे, बधिर.

धाकट्या बहिणीची मुलगी वर्षाची झाली. रुबेलाच्या लशीची वेळ आली आणि नेमकं तेव्हाच धाकटीने या पेशींबद्दल कुठेतरी काहीबाही वाचलं. दवाखान्याच्या बाकावर तिने मला गाठलं. तिच्यामागून तिचा नवरा मला खुणावत होता. सकाळी फोनवर म्हणाला होता, "ताई, ते खरं का असं तिने विचारलं, तर सरळ नाही म्हणून टाका. तुमचं काय जातंय?"

धाकटी माझा शब्द खाली पडू देत नाही, हीच तर पंचाईत होती.

"ताई, त्या पेशी पाडलेल्या बाळाच्या असतात, हे खरं?"

"खरं. साठेक वर्षांपूर्वीच्या, एकाच बाळाच्या. त्याच वाढत आल्यात, नवीन बाळ लागत नाही."

"त्याच्या आईला विचारलं होतं?"

"बहुतेक नाही."

तिच्या नवऱ्याने कपाळाला हात लावला.

"आणि तू रोज त्यांना हात लावतेस?"

"लावते. गरोदरपणात रुबेला झाला तर बाळं आंधळी-बहिरी जन्मतात, काही जन्मतच नाहीत. तेही रोज माहीत असतं."

नर्सने आतून हाक मारली. धाकटी पोरीच्या टोपीची नाडी उगाच सोडत-बांधत राहिली.

"देऊ दे लस," ती शेवटी म्हणाली. "पण माझ्या मांडीवर नको. तू घेऊन जा."

आत मी पोरीला मांडीवर घट्ट धरलं. सुई टोचली तसं तिने भोकाड पसरलं, दाराकडे वळून आईला शोधलं. आई दिसेना, तेव्हा माझ्याच गळ्याला मिठी मारली आणि शेंबडं नाक माझ्या खांद्याला पुसलं. मला काही वाटेल असं मला वाटलं नव्हतं.

बाहेर धाकटीने हात पुढे केले. "आण, ताई."

"हो," मी म्हटलं.

"ताई, दे ना तिला."

"हो, देते."

पोरगी आईकडे झेपावत होती आणि माझे हात सुटत नव्हते. मग धाकटीनेच माझी बोटं एकेक करून सोडवली.