फुटल्या की फोडल्या

सिरपच्या बाटल्यांचा अख्खा क्रेट हातगाडीवरून घसरला, आणि बाईंनी अहवालात लिहिलं, "चाळीस बाटल्या फुटल्या." विषय संपला असं त्यांना वाटलं. बावीस वर्षं त्या कारखान्यात बाटल्या भरण्याचा विभाग सांभाळत होत्या आणि बावीस वर्षं बाटल्या फुटतच आल्या होत्या.

पण नवे साहेब पडले परमुलखातले. मराठी पुस्तकातून शिकलेले. व्याकरण इतकं चोख की ऐकणाऱ्यालाच वाटावं, आपलं काही चुकतंय की काय. त्यांनी अहवाल परत पाठवला, वर लाल शाईत एकच शब्द: "कोणी?"

बाईंनी खाली लिहिलं, "आपोआप."

पाच मिनिटांत बोलावणं आलं.

"बाटली आपोआप फुटत नाही," साहेब म्हणाले. "आमच्या भाषेत असे वाक्यच होत नाही. कोणीतरी ती फोडतो. त्याचे नाव लिहा."

"फोडली म्हणजे मुद्दाम, साहेब. राग आला, भिरकावली. फुटली म्हणजे नुसती फुटली."

"गाडी कोण ढकलत होते?"

ते अख्ख्या कारखान्याला ठाऊक होतं. मामा. सगळ्यांचेच मामा, निवृत्तीला सहा महिने उरलेले. मागच्या महिन्यात त्यांच्या नावावर चुकीची एक नोंद झाली होती, आणि नव्या नियमाने दुसरी झाली की माणूस घरी. मघाशी ते एकटेच काचा गोळा करत होते. ते आठवलं आणि बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"नाव लिहिणार नाही," त्या म्हणाल्या.

साहेब चिडले नाहीत, हीच तर पंचाईत. शांतपणे सांगू लागले. त्यांच्या जुन्या कारखान्यात सगळे एकमेकांना सांभाळून घ्यायचे, कोणी कोणाचं नाव घेईना, आणि शेवटी यंत्रात एकाचा हात गेला. "तेव्हापासून मी नाव विचारतो. नाव कळले की चूक कळते."

माणूस दुष्ट नव्हता. बाईंना ते अर्धंमुर्धं पटलंही. "आमच्याकडे उलटं होतं," त्या म्हणाल्या. "नाव सापडलं की बाकीचे हात झटकून मोकळे. चूक राहते तिथंच."

"तरीही नाव हवे."

"हवंच? बरं."

बाईंनी फाइलमधून तीन अर्ज काढून टेबलावर मांडले. गाडीचं पुढचं चाक निखळतंय, बदलून मिळावं. दोन महिन्यांत तीनदा तेच. प्रत्येकावर शेरा, "सध्या नको", आणि खाली साहेबांची सही. मग त्यांनी अहवाल ओढला, लाल "कोणी?"च्या पुढे ठसठशीत अक्षरात साहेबांचं नाव लिहिलं आणि कागद त्यांच्यासमोर सरकवला. नोकरी गेली तर गेली, पण आता माघार नव्हती.

साहेबांचे कान लालबुंद झाले. "मी तिथे नव्हतोच! गाडीला मी हातसुद्धा लावलेला नाही. मी त्या फोडल्या नाहीत!"

"मग काय झालं, साहेब?"

साहेबांनी तिन्ही अर्ज पुन्हा वाचले. स्वतःची सही पाहिली. मग केबिनच्या काचेतून खाली पाहिलं. तिथं मामा गाडीच्या निखळलेल्या चाकापाशी उकिडवे बसले होते.

"फुटल्या," ते हळूच म्हणाले.

बाईंनी कोरा कागद पुढे केला. "आता हेच तुमच्या हातानं लिहा. आणि खाली चाकाचंही लिहा."