दाराबाहेरचा वॉकर

चांगल्या कमावत्या माणसाला कामावरून उचलून तीन दिवस हॉटेलात बसवलं आणि त्याच्या हातात रंगीत चिठ्ठ्या दिल्या, तर तो एक तर शहाणा होतो, नाहीतर जेवणाची वाट बघत बसतो. सुधीर पेंडसे दुसऱ्या प्रकारात मोडायचा. त्याची कंपनी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये हॉस्पिटलचं सामान बनवायची. खाटा, सलाइनचे स्टँड, व्हीलचेअर असं सगळं. त्यातला एक वॉकर मात्र पहिल्या रेषेपासून सुधीरच्या डोक्यातून निघालेला. मागच्या दिवाळीच्या सुमारास तो बाजारात आला आणि पहिला नग सुधीरने डोंबिवलीला घरी आणला, सासूबाईंसाठी.

ट्रेनिंग ठाण्यातल्याच बाळकुमच्या एका नव्या हॉटेलात होतं. नाव भारदस्त: ‘अधिकाऱ्यांसाठी नवनिर्मिती आणि डिझाइन थिंकिंग’. शिकवायला क्षिप्रा नावाची पस्तिशीची बाई. तिच्याकडे बघून सुधीरला आधी वाटलं की ही आपल्याला काय शिकवणार. असं वाटायचं वय त्याचं झालंच होतं.

पहिल्या दिवशी संध्याकाळी क्षिप्राने गृहपाठ दिला. "उद्या इथे यायचं नाही. आपली वस्तू वापरणारा एक माणूस गाठा आणि दिवसभर त्याच्याजवळ बसा. विचारायचं नाही, बघायचं. मदत करायची नाही, समजावून सांगायचं नाही. आणि आपल्या वस्तूची बाजू तर अजिबात घ्यायची नाही. परवा इथे सांगायचं काय दिसलं ते."

"माझं काम सोपं आहे," सुधीर शेजारच्या दिपेशला म्हणाला. "माझी युजर घरातच आहे. सासूबाई."

दिपेश पाटील विक्री विभागातला, मूळचा बाळकुमचाच. हॉटेलच्या पार्किंगच्या जागी त्यांचं भाताचं शेत होतं, हे त्याचं सकाळपासून सगळ्यांना सांगून झालं होतं. तो हसला. "सर, सासूबाय तुम्हाला छानच बोलणार. जावयाला कोन वाईट बोलतंय? आमच्या भीमाआजीला द्या तो वॉकर. पटला नाय तर उचलून तुमच्या डोक्यात घालंल, पन खरं सांगंल."

सुधीरही हसला, पण गाडीत बसल्यावर त्याचं हसू मावळलं. घरी हसण्यासारखं काही नव्हतं.

सासूबाई, म्हणजे सुमतीबाई, शाळेत मराठी शिकवायच्या. निवृत्त झाल्या तरी तपासणं सुटलं नव्हतं. लग्नाच्या पत्रिका, सोसायटीच्या नोटिसा, वर्तमानपत्रं, लाल पेनातून काही सुटायचं नाही. तीन वर्षांपूर्वी त्या लेकीकडे, शुभदाकडे, राहायला आल्या, तेव्हा बिल्डिंगखालच्या बाकावरच्या बायकांची भाषा महिन्याभरात सुधारली होती. अशी बाई गेले काही महिने गप्प गप्प झाली होती. खाली जायचं थांबलं. पेन टेबलावर तसंच पडून. दुपारी खुर्चीतच डुलक्या काढायच्या, विचारलं तर भलतंच उत्तर द्यायच्या. एकदा शुभदाला त्यांनी कुसुम म्हणून हाक मारली. कुसुम म्हणजे त्यांची बहीण, ती जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. शुभदा बाथरूममध्ये नळ सोडून रडली, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. शेवटी मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली, येत्या सोमवारची. घरात त्या सोमवारबद्दल कुणी बोलत नव्हतं, पण तिघांनाही तोच एक वार दिसत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शुभदा बँकेत गेली आणि सुधीर दिवाणखान्यात सासूबाईंसमोर खुर्ची टाकून बसला.

"आई, ऑफिसचं काम आहे. तुम्ही वॉकर कसा वापरता ते नुसतं बघायचंय. तुमचं नेहमीसारखं चालू द्या."

"हो का? बरं," सुमतीबाई म्हणाल्या. "वॉकर छान आहे हो, सुधीरराव. अगदी छान आहे." आणि सुधीरने सवयीने पेपर वर धरला तेवढ्यात आत जाऊन इस्त्रीची साडी नेसून आल्या. मग खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या त्या बसल्याच.

नऊ वाजले, दहा वाजले. सुधीर बघतोय, सुमतीबाई बसल्यात, आणि वॉकर दोघांच्या मध्ये फोटो काढून घ्यायला उभा असल्यासारखा उभा. सुधीरने चहा केला. रोज सकाळचा चहा तोच करायचा. त्यांनी दोन घोट घेतले, छान झालाय म्हणाल्या आणि कप ठेवून दिला. पाणी विचारलं तर नको, आत्ताच प्यायले. कधी प्यायल्या? तो सकाळपासून समोर होता, त्याने बघितलं नव्हतं.

मग त्याच्या लक्षात यायला लागलं की आपण यांना चालताना कधी पाहिलेलंच नाही. खोटं वाटेल, पण घरोघरी असंच असतं. सासू खुर्चीतून उठायला लागली की जावयाने वर्तमानपत्र वर धरायचं, नाहीतर गॅलरीतल्या कुंड्या बघायला जायचं. म्हातारं माणूस बाथरूमकडे निघालंय, त्याच्याकडे बघत बसणं शोभत नाही. सुधीरही रीतीने पेपर वर धरायचा. त्या पेपरमागे बसून त्याने अख्ख्या जगाच्या बातम्या वाचल्या होत्या. स्वतः बनवलेला वॉकर चालतो कसा, एवढं मात्र बघायचं राहिलं होतं. आणि सासूबाईही अशा रीतीच्या, की आज जावई टक लावून बसलाय म्हटल्यावर त्या उठणारच नव्हत्या. दुपार झाली असती तरी नाही.

आता काय करावं? मी बाहेर जाऊन येतो म्हणावं आणि दाराआडून बघावं, असं एकदा त्याच्या मनात येऊन गेलं. त्याची त्यालाच लाज वाटली. त्यापेक्षा सरळ उठून त्याने वॉकर हातात घेतला.

"मीच चालून बघतो," तो म्हणाला.

ऑफिसची पँट, कमरेत वाकलेला, गुडघे दुमडलेले असा तो त्रेपन्न वर्षांचा गृहस्थ स्वतःच्याच घरात वॉकर घेऊन निघाला. दिवाणखान्यात झोकात गेला. चारी पाय पसरट, बसका, न कलंडणारा. यासाठीच त्याने पाय इतके फाकवले होते. चाचणी हॉस्पिटलात घेतली होती आणि कुणी पडलं नव्हतं. पॅसेजमध्ये वळताना पुढच्या पायाचं चाक भिंतीला घासलं. भिंतीवर त्याच उंचीवर आधीचेही काळे ओरखडे होते, ते त्याला आज दिसले. मग बाथरूमचं दार आलं. वॉकर चौकटीवर ठाक करून आपटला आणि थांबला. त्याने तिरका करून बघितला, मग उलटा. पुढची टोपली काढली. डोंबिवलीत तीस-चाळीस वर्षांपूर्वी बांधलेल्या इमारतींची बाथरूमची दारं अंग चोरून आत जाण्याइतपतच असतात. हॉस्पिटलच्या दारातून खाट जाते. सुधीरने मोजली होती ती हॉस्पिटलची दारं. तो कपाळाला घाम येईपर्यंत ढकलत राहिला.

आणि मागून, खिडकीजवळच्या खुर्चीतून, आवाज आला. खणखणीत, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा, कित्येक महिन्यांत न ऐकलेला.

"तसा नाही जायचा तो. बाहेर भिंतीला टेकवून ठेवा. आता डाव्या हाताने चौकट धरा. उजवा बेसिनवर, पण भार टाकू नका, बेसिन हलतं. आधी डावा पाय आत. मग नळ पकडायचा. गरम पाण्याचा नव्हे, दुसरा."

सुधीरने सांगितलं तसं केलं. बेसिन खरंच हलत होतं.

"आणि मग?" त्याने आतून विचारलं.

"मग काय, पडायचं नाही."

सुधीर बाहेर आला तेव्हा सुमतीबाईंनी तोंडावर पदर धरला होता.

"मी तसं काही म्हटलं नाही हं," त्या म्हणाल्या. "वॉकर छानच आहे."

सुधीर त्यांच्या खुर्चीपाशी खाली जमिनीवर बसला. क्षिप्राने विचारू नका म्हणून बजावलं होतं, पण आता क्षिप्रा गेली उडत.

"आई, म्हणून तुम्ही पाणी पीत नाही?"

त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. "कमी प्यायलं की कमी उठावं लागतं. शुभदा असली की ती हात धरते. दिवसा एकटीने जायचं म्हणजे जीव मुठीत. चहा नको, आमटी नको, ताक नको. जेवणसुद्धा बेताचंच."

"आणि खाली का जात नाही?"

"लिफ्टमध्ये वळत नाही हो तो. आत गेलं की भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि उलट्या पावली बाहेर यायचं. एकदा दारात अडकले. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाने सोडवलं."

"मग शुभदाला तरी सांगायचंत."

"तिला सांगितलं असतं तर ती तुमच्यापाशी बोलल्याशिवाय राहिली असती का?" आता त्या त्याच्याकडे वळल्या. "लोकांचे जावई साड्या आणतात. तुम्ही डोकं चालवून मला चालायला वस्तू करून आणलीत. बाकावरच्या सगळ्या बायकांना मी सांगितलं, माझ्या जावयाने केलाय म्हणून. त्याला नावं कोणत्या तोंडाने ठेवायची? आणि मलाच वाटायला लागलं, दोष माझ्या पायांचा असेल. आता डोक्याचाही असेल. सोमवारी बघणारच आहेत."

वास्तविक सुधीरला वाईट वाटायला हवं होतं. इतक्या वर्षांच्या नोकरीत स्वतःची म्हणावी अशी एकच वस्तू त्याने केली, तिने घरातल्या घरात हा उत्पात केलेला. वाईट त्याला वाटलंही, नंतर बरेच दिवस वाटत राहिलं. पण त्या क्षणी त्याला हायसं वाटलं, इतकं की डोळे भरून आले. पॅसेजपर्यंत जो आवाज आला होता तो विसरणाऱ्या बाईचा नव्हता. त्या आवाजाला हलणारं बेसिन ठाऊक होतं, नळ कुठला धरायचा ते ठाऊक होतं.

त्याने शुभदाला फोन केला आणि फॅमिली डॉक्टरांनाही. डॉक्टर संध्याकाळी घरी येऊन गेले, रक्त तपासायला पाठवलं. शरीरातलं पाणी पार कमी झालंय, क्षारही घटले असणार, या वयात तेवढ्यानेही माणूस असं भरकटतं, असं म्हणाले. आधी हे ताळ्यावर आणू, मेंदूवाल्यांना महिन्याने दाखवा. शुभदा स्वयंपाकघरात ओट्याला टेकून हसली, मग रडली, मग बाहेर येऊन नवऱ्यावर डाफरली. "इतके महिने आपण तिच्या डोक्याला दोष देत होतो, सुधीर. आणि आई, तू गं? जगाच्या चुका काढतेस ना?"

"जगाच्या काढते," सुमतीबाई म्हणाल्या. "जावयाच्या नाही."

तिसऱ्या दिवशी बाळकुमच्या हॉटेलात सगळे एकेक करून उठले आणि आपापल्या वस्तूचं कौतुक सांगून बसले. सुधीरने घरचा वॉकर गाडीत घालून आणला होता. तो पुढे ठेवून तो म्हणाला, "हा मी बनवलाय. माझ्या घरच्या बाथरूमच्या दारातून तो आत जात नाही." आणि घडलं ते सगळं त्याने सांगितलं, पेपर वर धरण्यासकट. ऐकायला कंपनीचे मालकही आले होते. त्यांचा चेहरा उतरत गेला.

"म्हणजे पेंडसे, सगळं पुन्हा करायचं?"

"हो साहेब. पहिल्यापासून."

"मग हसताय कशाला?"

सुधीरला आपण हसतोय हे माहीत नव्हतं. "साहेब," तो म्हणाला, "दोष वॉकरचा निघाला."

मालकांना काही ते उमगलं नाही. क्षिप्राने मात्र हातातल्या चिठ्ठ्या खाली ठेवल्या आणि पुढच्या माणसाला लगेच बोलवलं नाही. दिपेश मागून हळूच म्हणाला, "सर, सासूबाय पन आमच्या भीमाआजीसारख्याच निघाल्या."

नवा वॉकर व्हायला वेळ लागला. तोवर बाथरूममध्ये धरायला भिंतीत दांड्या बसवल्या, बेसिन घट्ट केलं आणि दिवसा सोबतीला एक बाई ठेवली. सुमतीबाई पाणी पिऊ लागल्या, ताक पिऊ लागल्या, डुलक्या कमी झाल्या. महिन्याने मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा बाहेर बसल्या बसल्या त्या लेकीला म्हणाल्या, "पाटी बघ. एवढे मोठे डॉक्टर, वेलांटी चुकली आहे." शुभदाने पर्समधून रुमाल काढला. आत डॉक्टरांनी तासभर तपासलं आणि औषध काही दिलं नाही.

मग एका रविवारी सुधीरने अरुंद, एका हाताने मिटणारा नवा नमुना घरी आणला. सुमतीबाई तो घेऊन बाथरूमपर्यंत गेल्या, आत गेल्या, बाहेर आल्या. सुधीर पेपर मांडीवर ठेवून उघड बघत होता. "मुठी जाड आहेत," त्या म्हणाल्या. "बायकांचे हात लहान असतात." त्याने ते मनात टिपून घेतलं. मग त्या लिफ्टने खाली बाकावर गेल्या आणि बायकांना झापून तासाभराने वर आल्या.

तोवर त्याने चहा ठेवला होता. त्यांनी एक घोट घेतला आणि सवयीने म्हणाल्या, "छान झाला..." आणि थांबल्या. कपाकडे बघितलं, मग जावयाकडे.

"खरं सांगू का, सुधीरराव? चहा पांचट करता तुम्ही. पहिल्या दिवसापासून."

शुभदाने दचकून वर बघितलं. सुधीर मात्र आधीच उठून स्वयंपाकघराकडे निघाला होता.

"आलं घाला," मागून आवाज आला, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. "आणि या वेळी कप भरून आणा."