डाव्या दाराची कडी

नवीन पनवेलमध्ये दातांच्या एका दवाखान्याच्या वर वसुंधरा चौलकरची लॅब होती. लॅब म्हणजे एक खोली, दोन टेबलं, एक भट्टी आणि भिंतभर प्लास्टरचे जबडे. आसपासचे पाच-सहा डॉक्टर पेशंटच्या दातांची मापं पाठवायचे आणि ती त्यावरून कॅपा, कवळ्या करून द्यायची. पंचवीस वर्षं हेच काम. "दुसऱ्यांच्या दातांवर आमचं घर चाललंय," असं तिचा नवरा कुमार पाहुण्यांना सांगायचा आणि स्वतःच सगळ्यात आधी हसायचा.

दिवसाचं काम आटोपलं की ती त्याच टेबलावर, त्याच हत्यारांनी गाड्या करायची. खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याच्या, तळहातावर मावतील अशा. सुरुवातीला विकतची किटं जोडली, पण त्यातल्या रेसच्या गाड्या तिनं उभ्या जन्मात रस्त्यावर पाहिल्या नव्हत्या. मग ती डोळ्यांसमोरच्या गाड्या करायला लागली. कळंबोलीला उभा असलेला एखादा ट्रक, खांदा कॉलनीतल्या बिल्डिंगखाली धूळ खात पडलेली मारुती. आवडती गाडी दिसली की ती खाली वाकून सायलेन्सर कुठून कुठे जातो ते बघायची आणि कुमार चार पावलं पुढे जाऊन, आपण या बाईंबरोबर नाही, असा चेहरा करून उभा राहायचा.

हायम किहिमकर तिच्याकडे आले ते तक्रार घेऊन. वय त्रेसष्ट, नोकरीतून निवृत्त, जुन्या पनवेलमध्ये वडिलांच्याच घरात राहणारे. त्यांची खालची अर्धी कवळी तिसऱ्यांदा टोचत होती, म्हणून डॉक्टरांनी वैतागून त्यांना थेट वर पाठवलं होतं. वसुंधरानं त्यांच्या जबड्याचा साचा काढला, कवळी त्यावर बसवून पाहिली आणि टोचणारी कड घासायला घेतली. तोवर हायमकाका उठून गाड्या मांडलेल्या कपाटापाशी गेले होते.

"हे कोण करतं?"

"मीच."

"आतलं स्टिअरिंगसुद्धा?"

"हो. फिरतं पण. हळू हं, काका."

त्यांनी हात मागे घेतला आणि ते बराच वेळ नुसतेच वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "आमच्या पप्पांची फियाट होती. करून द्याल का? माझी बहीण येतेय डिसेंबरात. इस्राएलला असते, अबीगेल. बावीस वर्षांनी येतेय. तिला काय द्यावं ते सुचत नव्हतं. साडी ती नेसत नाही, गोडाचं तिला चालत नाही."

दुसऱ्याच दिवशी ते तीन फोटो घेऊन आले. तिन्ही काळेपांढरे. त्यांचे वडील, डॉक्टर एलियाहू किहिमकर, पनवेलमध्ये दवाखाना चालवायचे आणि दर रविवारी उरणला जाऊन तिथले पेशंट बघायचे. त्यासाठी त्यांनी जुनी फियाट घेतली होती. पहिल्या फोटोमागे शाईनं लिहिलं होतं, 'गाडी आणली, १९६४'. बाकीच्या दोन्हींमागे 'मे १९६६'.

वसुंधराला त्या गाडीनं पहिल्या नजरेतच खिशात टाकलं. कारण तिची पुढची दारं उलटी होती. आताच्या गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्या पुढच्या अंगाला असतात. या जुन्या फियाटच्या पुढच्या दारांच्या बिजागऱ्या मागे होत्या, त्यामुळे दार कपाटासारखं, वाऱ्याच्या तोंडावर उघडायचं. "अशी दारं चालत्या गाडीत उघडली तर?" तिनं कुमारला विचारलं. "तर वारा ती धरून ओढणार," कुमार म्हणाला. "म्हणून तर बंद केली असतील पुढे."

अशा गाडीचं किट बाजारात मिळेना. मग तिनं कवळीसारखीच गाडी करायची ठरवली. फोटोवरून मापं काढून मेणात आकार कोरला, त्याचा साचा घेतला आणि कवळीचंच ॲक्रिलिक ओतलं. तिसऱ्या दिवशी साच्यातून जी फियाट बाहेर आली ती हिरड्यांसारखी गुलाबी होती. कुमारनं ती पाहिली आणि म्हणाला, "हिला आता बत्तीस दात बसव." खिडक्यांना दातांच्या क्लिपा करायचा पारदर्शक पत्रा लागला, कडेच्या चकचकीत पट्ट्यांना दात सरळ करायची तार. दारांच्या बिजागऱ्या बसवण्यात तीन रविवार गेले.

दारांवरची बारीकसारीक कामं करण्यासाठी तिनं सहासष्टचा फोटो भिंगाखाली धरला आणि थबकली. डाव्या पुढच्या दारावर, हँडलच्या वर, एक आडवी काळी रेघ होती. आधी वाटलं फोटोवरचा ओरखडा असेल. पण दुसऱ्या फोटोतही ती तिथेच होती आणि तिच्या एका टोकाला बारीकसं गोल बोंड होतं. वसुंधरानं भिंग खालीवर केलं. ती कडी होती. घराच्या दाराला लावतात तशी साधी लोखंडी कडी, गाडीच्या दाराला बाहेरून ठोकलेली. चौसष्टच्या फोटोत ती नव्हती.

बाहेरून कडी लावलेलं दार आतून उघडत नाही. मग आत बसणाऱ्यानं ते उघडू नये असं कुणाला वाटत होतं? आणि एका चांगल्या गाडीच्या पत्र्याला भोकं पाडण्याइतकं?

तिनं हायमकाकांना फोन केला. "कडी? छे हो. आमच्या गाडीला कडी कशाला असेल? मी तेव्हा चार वर्षांचा, मला गाडीचा फक्त वास आठवतो. पेट्रोल आणि टिंक्चर आयोडिन. तुम्ही अबीगेललाच विचारा. ती माझ्याहून तीन वर्षांनी मोठी आहे, तिला सगळं आठवतं."

नंबर त्यांनी दिला, पण लगेच फोन करायला वसुंधराचं मन धजेना. त्याच आठवड्यात हायमकाकांची कवळी पुन्हा टोचायला लागली, म्हणून ती त्यांचा साचा हातात घेऊन बसली. आतापर्यंत तिनं फक्त टोचणारी जागा पाहिली होती. आता तिनं वरचा आणि खालचा जबडा एकमेकांवर बसवून समोरून पाहिलं. खालच्या दातांची मधली रेघ वरच्या रेघेपासून चांगली अर्धा सेंटिमीटर डावीकडे सरकलेली होती. अख्खा जबडाच डावीकडे कलला होता. म्हणून चावताना कवळी एकाच बाजूला दाबली जायची. असे जबडे तिनं पूर्वी दोन-तीनदा पाहिले होते. लहानपणी कानाजवळचं हाड मोडलं की ती बाजू नीट वाढत नाही आणि हनुवटी तिकडे वळते.

टेबलावर एका बाजूला डावीकडे कललेला जबडा होता आणि दुसऱ्या बाजूला डावं दार उघडं टाकलेली फियाट. वसुंधरा एकदा याच्याकडे बघे, एकदा तिच्याकडे. तिनं स्वतःलाच बजावलं की उगाच काहीतरी जोडू नकोस. तरी हायमकाका आले तेव्हा कवळी बसवता बसवता तिनं सहज विचारावं तसं विचारलं, "लहानपणी कधी पडला होतात का, काका?"

"अहो, पडलो म्हणजे! झोपाळ्यावरून. तीन वर्षांचा होतो. पप्पांनी मग झोपाळाच काढून टाकला. शेजारच्यांचे झोपाळे बघत मोठा झालो मी."

वसुंधरानं कवळी पुन्हा काढून घेतली आणि ती घासायला लागली.

रविवारी दुपारी तिनं अबीगेलना फोन लावला. व्हिडिओवर पांढऱ्या आखूड केसांची, चष्मा लावलेली बाई आली आणि शुद्ध पनवेली मराठीत म्हणाली, "हायमनं सांगितलं मला तुमच्याबद्दल. गुपित ठेवायचं होतं त्याला, पण त्याच्या पोटात काही राहात नाही. रंग विचारायचाय ना? दुधात थेंबभर हळद पडली तर कसं दिसेल, तसा."

सीटांचा रंग तांबडा, डॅशबोर्डवर निळ्या काचेचा एक दिवा, मागे पप्पांची चामड्याची बॅग. अबीगेल भराभर सांगत होत्या, वसुंधरा लिहून घेत होती. शेवटी तिनं विचारलं, "मावशी, डाव्या दाराला बाहेरून एक कडी दिसते. ती केव्हा लावली होती?"

अबीगेलनी चष्मा काढला.

"फोटोत दिसते ती?"

"भिंगातून दिसते."

"हायमला विचारलंत?"

"विचारलं. त्यांना काही आठवत नाही."

"झोपाळा सांगितला असेल त्यानं." त्या जराशा हसल्या, पण ते हसू चेहऱ्यावर टिकलं नाही. "नका लावू कडी."

वसुंधरानं बरं म्हटलं. तिला स्वतःची लाज वाटली. ज्या घरचं आपण मीठसुद्धा खाल्लं नाही, त्या घराच्या कपाटात आपण हात घातला. ती फोन ठेवणार तेवढ्यात अबीगेल म्हणाल्या, "थांबा. लावा. जशी होती तशीच लावा. काढता-घालता येईल अशी. आणि त्याला काही सांगू नका, मी येईपर्यंत."

सुईचं टोक कापून वसुंधरानं कडी केली. चार मिलिमीटरची. ती सरकायचीही.

डिसेंबरातल्या एका सकाळी हायमकाकांनी तिला घरी बोलावलं. टेबलावर गव्हाच्या चिकाच्या नारळी हलव्याची ताटली होती आणि अबीगेल खिडकीशी बसल्या होत्या. हायमकाकांनी खोक्याचं झाकण काढलं तसा अबीगेलचा हात तोंडाशी गेला. हळदीच्या थेंबाचं दूध, तांबड्या सीटा, निळा दिवा. मग अबीगेलनी करंगळीच्या नखानं कडी सरकवली आणि डावं दार उघडलं. ते उलटं उघडलं.

"हायम, तू झोपाळ्यावरून पडला नव्हतास," त्या म्हणाल्या.

त्यांनी सगळं सांगितलं. रविवार होता, उरणहून परत येत होते. आई घरी, पप्पा गाडी चालवत होते, सहा वर्षांची अबीगेल पुढे खिडकीशी आणि तीन वर्षांचा हायम तिच्या मांडीवर. नवीन फ्रॉकचा घेर दारात अडकला होता. तो सोडवायला तिनं हँडल जरासं खाली केलं. "जरासंच रे. पण वाऱ्यानं दार माझ्या हातातून हिसकावून घेतलं. आणि मग तू मांडीवर नव्हतास."

"पप्पा मला एक शब्द बोलले नाहीत. तुला टाके घातले, बांधलं, घरी आल्यावर आईला सांगितलं की झोपाळ्यावरून पडला. मला म्हणाले, हे तुझ्या-माझ्यात. दुसऱ्या दिवशी सुताराकडून कडी ठोकून आणली."

हायमकाकांचा हात नकळत हनुवटीवर गेला होता. त्यांचा चेहरा लाल झाला. "पप्पांना जाऊन पस्तीस वर्षं झाली, ताई. पस्तीस वर्षांत एकदा सांगता आलं नाही?"

"मी दरवर्षी रोश हशानाला नवीन वर्षाच्या शुभेच्छा द्यायला फोन करायचे तेव्हा ठरवायचे. मग तू म्हणायचास, ताई तब्येत कशी आहे, आणि राहून जायचं."

ते उठून आत गेले. आतून नळ सोडल्याचा आवाज आला. वसुंधराला तिथून पळून जावंसं वाटत होतं. अबीगेल खाली बघत बसल्या होत्या. पाचेक मिनिटांनी हायमकाका तोंड पुसत बाहेर आले, खुर्ची ओढून बहिणीच्या समोर बसले आणि म्हणाले, "गाडी किती जोरात होती?"

"काय?"

"स्पीड. किती असेल?"

"मला काय माहीत! पप्पा चालवायचे ते बैलगाडीसारखे."

"मी रडलो?"

"आधी नाही. तू रस्त्यात बसला होतास आणि गाडीकडे बघत होतास. पप्पांनी उचलल्यावर रडलास."

"कुठल्या बाजूला पडलो? खड्डा होता? कुणी मदतीला आलं?"

त्यांचे प्रश्न संपेनात. एक मिठागरवाली बाई धावत आली होती, तिनं आपल्या घागरीतलं पाणी दिलं होतं. फ्रॉक पिवळा होता. तो फ्रॉक अबीगेलनी पुन्हा घातला नाही आणि आईला त्याचं कारण कधी कळलं नाही. सांगता सांगता अबीगेल रडल्या, मग बोलायच्या भरात रडायचं विसरल्या. "आणि त्या बिचाऱ्या झोपाळ्याला उगाच शिक्षा झाली," हायमकाका म्हणाले, तेव्हा दोघंही इतकी हसली की शेजारची बाई डोकावून गेली.

"जागा दाखवशील?" त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी कुमारच्या गाडीतून चौघं उरणच्या रस्त्याला लागली. अबीगेल पुढे बसल्या होत्या. सगळीकडे उड्डाणपूल, कंटेनरांच्या रांगा, विमानतळाकडे जाणाऱ्या नव्या पाट्या. मिठागरांचा कुठे मागमूस नव्हता. त्या दर दोन मिनिटांनी "इथेच" म्हणायच्या आणि लगेच "नाही, पुढे." एकदा तर त्यांनी गाडी वळवून मागे न्यायला लावली. हायमकाका मागच्या काचेतून दोन्ही बाजू बघत होते, लहान मूल बघतं तसे.

"खाडीचं पाणी डाव्या हाताला होतं एवढं नक्की," अबीगेल म्हणाल्या.

"मग थांबव इथे," हायमकाका म्हणाले. "इथे आहे पाणी."

कुमारनं गाडी कडेला घेतली. चौघं उतरली. खारफुटीच्या पलीकडे पाण्याची एक बारीक पट्टी चमकत होती आणि तीन बगळे चिखलात उभे होते. ही ती जागा असेल असं कुणालाच खात्रीनं सांगता आलं नसतं. हायमकाका रस्त्याच्या कडेवर थोडं पुढे चालत गेले, तिथून त्यांनी मागे वळून गाडीकडे पाहिलं आणि ओरडून विचारलं, "ताई, एवढ्या अंतरावर?"

"थोडं अलीकडे ये," अबीगेल म्हणाल्या आणि त्यांच्याकडे चालू लागल्या.