रेकाच्या तोंडातलं 'आम्ही'

मित्रांनो, मी एक जुना इन्क्युबेटर आहे, म्हणजे पेशी वाढवायचं उबदार कपाट. सेगेड शहरातल्या कर्करोग प्रयोगशाळेत माझा जन्म गेला. दार आता नीट लागत नाही, तरी खुडूक कोंबडीसारखी ऊब काही सोडलेली नाही. पूर्वी पाहुणे आले की प्रोफेसर बार्दोश आधी मला दाखवायचे. आता माझ्या डोक्यावर हातमोज्यांची खोकी रचतात. चालायचंच! माझं दुःख वेगळं आहे.

रेका ही तरुण संशोधक डॉक्टरेट करून इथे आली. स्वादुपिंडाच्या गाठीतल्या ज्या पेशी कुणाच्याच हातून जगत नव्हत्या, त्या तिने माझ्या पोटात जगवल्या. औषधाला त्या दाद का देत नाहीत, हेही तिनेच शोधलं. पण सांगताना म्हणायची, 'आम्ही शोधलं'. प्रोफेसरांच्या हाताखाली 'मी' म्हणणं इथे उद्धटपणाच.

पुढे तिने स्वतःची प्रयोगशाळा उभारण्यासाठी मिळणाऱ्या अनुदानाला अर्ज केला. परीक्षकांनी विचारलं, "यात तुमचं स्वतःचं काय?" अर्ज परत आला. आता एकच संधी उरली होती. डॉक्टरेटनंतर ठरावीक वर्षांतच हे अनुदान मागता येतं, आणि ती मुदत संपत आली होती.

मैत्रीण किंगा माझ्यासमोरच तिच्याकडून परीक्षकांपुढे बोलायची तयारी करून घ्यायची.

"आम्ही पेशी वाढवल्या..."

"आम्ही कोण गं? तू आणि हे कपाट?"

"अगं, जीभच वळत नाही!"

"वळव. नाहीतर जन्मभर दुसऱ्याच्या चुलीवर रांधत बस."

एवढ्यात प्रोफेसर आत आले. रेकाने धीर करून सांगितलं, "प्रोफेसर, या पेशी मी जगवल्या. अनुदान मिळालं, तर त्या सोबत नेऊ द्या."

त्यांचा चेहरा पडला. "लेकीसारखी वाढवली तुला, आणि आता वाटण्या मागतेस? तू खुशाल जा. पेशी इथेच राहतील."

परीक्षकांपुढेही ती 'मी' म्हणाली, आणि अनुदान मिळालं. किंगाने घरून खारे पोगाचा, म्हणजे छोटे गोल पाव, भाजून आणले. रेकाने एकालाही हात लावला नाही. ती रिकाम्या हातांनी डेब्रेत्सेन शहरात स्वतःची प्रयोगशाळा उभारायला गेली. मला फार वाईट वाटलं.

मी ऊब देत राहिलो. पण नुसत्या उबेने काय होतंय? पेशी मरू लागल्या. गोठवून ठेवलेल्याही पुन्हा उठल्या नाहीत. शेवटी प्रोफेसरांनी माझ्याशेजारी उभं राहूनच फोन लावला.

"रेका, अगं, कशा जगवल्या होत्यास तू?"

"सांगते ना, प्रोफेसर. किती उरल्यात?"

प्रोफेसरांनी माझं दार उघडलं आणि आत पाहिलं, तर एकही पेशी जिवंत उरली नव्हती.

मित्रांनो, यंत्रं जपा, पण ज्याच्या हाताने काम जगतं, त्याला ते घेऊन जाऊ द्या.